साठच्या पुढे घुमणारी गाडी

गेल्या श्रावणात पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो. कात्रजचा बोगदा मागे पडला आणि गाडीत काहीतरी घुमायला लागलं. हूंऽऽऽ. काटा ६०वर गेला की आवाज यायचा, ४०वर उतरला की विरून जायचा. मागे बसलेली आई म्हणाली, “मागच्या डाव्या चाकातून येतोय.” बायकोच्या मते इंजिनातून. मला तर तो थेट डिकीतून येतोय असं वाटत होतं. शेवटी निघाला पुढच्या उजव्या चाकातून, म्हणजे तिघंही नापास.

यात कानांचा दोष नाही. आवाज एका कानात आधी आणि जोरात, दुसऱ्यात किंचित उशिरा आणि हळू पोचतो, त्या फरकावरून मेंदू दिशा ठरवतो. पण सेकंदाला ४०-५० कंपनांच्या आवाजाची एकेक लाट सात-आठ मीटर लांब असते, आपल्या अख्ख्या गाडीपेक्षा मोठी. वीतभर अंतरावरच्या दोन कानांना तिच्यात फरक तो काय कळणार? त्यात हे कंपन हवेतून कमी आणि पत्र्यातून जास्त येतं. चाक थरथरतं एका कोपऱ्यात, वाजते सगळी गाडी.

म्हणून जुना मेकॅनिक ‘कुठून येतो’ हे विचारतच नाही. ‘कधी वाढतो, कधी कमी होतो’ हे विचारतो.

पहिली परीक्षा गिअरची. वेग ६०च ठेवून पाचव्यातून चौथ्यात आलो. इंजिनाचे फेरे वाढले, त्याचा सूर चढला, घुमणं मात्र जसंच्या तसं. इंजिन सुटलं. (यासाठी गाडी न्यूट्रल करून बघा असं बरेच जण सांगतात. घाटात ते करू नका.) टपावरच्या कॅरियरच्या दांड्याही वेगाबरोबर गुणगुणतात. वाऱ्याच्या वेगाबरोबर तारेचा सूर कसा चढतो हे चेनेक स्ट्रोउहाल या चेक शास्त्रज्ञाने १८७८मध्ये मोजून दाखवलं होतं, तोच हा प्रकार. आमच्या गाडीला कॅरियर नाही, त्यामुळे तो मुद्दा तिथेच मिटला.

खरा घोळ टायरचा. वेडावाकडा खाल्लेला टायर हुबेहूब खराब बेअरिंगसारखा (चाक ज्यावर फिरतं ते गोळ्यांचं कडं) घुमतो आणि मग लोक भलतंच काहीतरी बदलून येतात. फरक रस्ता सांगतो. काँक्रीटवरून गुळगुळीत डांबरावर आलात की टायरचा आवाज बदलतो, बेअरिंगला खालच्या रस्त्याशी फारसं देणंघेणं नसतं. तरी शंका उरली तर पुढचे टायर मागे टाकून बघायचे. आवाजही मागे गेला तर टायर.

आमचा निकाल खंबाटकी घाटाने दिला. डावं वळण आलं की घुमणं वाढायचं, उजव्या वळणावर जवळजवळ बंद. गाडी डावीकडे वळते तेव्हा तिचं वजन उजव्या चाकांवर कलतं आणि दुखऱ्या बेअरिंगवर भार आला की ते ओरडतं. म्हणजे उजवी बाजू. ही खूण बहुतेकदा खरी ठरते, नेहमीच नाही.

साताऱ्यात एका गॅरेजवाल्याने पुढची बाजू जॅकवर घेतली. चाक हलवून पाहिलं, प्ले म्हणजे ढिलेपणा नव्हता. मग त्याने डावा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवला आणि उजव्याने चाक फिरवलं. “हात लावा,” म्हणाला. कानाला काहीच ऐकू येत नव्हतं, पण स्प्रिंगच्या वेटोळ्यातून तळव्याला बारीक खरखर लागत होती, जात्यात खडा अडकावा तशी. पलीकडच्या चाकाची स्प्रिंग गप्प होती.

चाक ज्यावर बसतं तो हब ओढून काढताना बेअरिंग दुभंगलं आणि बाहेरच्या, न फिरणाऱ्या कडीची आतली बाजू दिसली. आरशासारखा चकचकीत पोलाद, त्यावर एका जागी ज्वारीच्या दाण्याएवढा पापुद्रा उडालेला. १९००मध्ये स्वीडनच्या योहान ब्रिनेलने धातूचा कठीणपणा मोजायची एक पद्धत मांडली. कडक गोळी धातूवर दाबायची आणि पडलेला खळगा मोजायचा. खड्ड्यात चाक आदळतं तेव्हा बेअरिंगमधल्या गोळ्या नेमकं हेच कडीवर करतात. अशा खळग्याला ब्रिनेलिंग म्हणतात, आणि मग तिथूनच पापुद्रे सुटायला लागतात. पाणीही वैरी. तापलेला हब साचलेल्या पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढून घेते.

नवं बेअरिंग त्याने हातोडीने नाही, प्रेसने बसवलं. चुकीच्या कडीवर ठोकलं तर मार गोळ्यांतून पलीकडे जातो आणि नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी खळगे घेऊन निघतं.

गोळ्या मी मोजल्या, एका ओळीत १२. आमच्या चाकाचा घेर साधारण १.८३ मीटर, म्हणजे ६०च्या वेगाला ते सेकंदाला नऊ फेरे मारतं. गोळ्या चाकाच्या निम्म्याहून थोड्या कमी गतीने फिरतात. गुणाकार केला तर त्या खळग्यावरून सेकंदाला सुमारे ४४ गोळ्या जातात. प्रत्येक गोळीची एक ‘टक’, पण सेकंदाला विसाच्या पुढे गेल्या की कान त्या सुट्या ऐकत नाही, त्यांचा एक सूर होतो. तोच आमचा हूंऽऽ.

बायकोने वाटेत फोनवर आवाजाचा आलेख काढून ठेवला होता. त्यातलं टोक सेकंदाला ४२ कंपनांवर होतं. दोनाचा फरक का, म्हणून परतताना काटा ६०वर धरला आणि तिला जीपीएसवरचा वेग वाचायला सांगितला. ५८.