सत्तरचे दशक (अमेरिकेची संयुक्त संस्थाने)

राजकीय पेचप्रसंग, महागाई आणि परदेशांत पत्करावी लागलेली नामुष्की यांमुळे अमेरिकेच्या इतिहासात लक्षात राहिलेला कालखंड. कॅलेंडर धरून पाहिले तर हे दशक १९७९च्या अखेरीस संपते. पण कंबोडियावरच्या चढाईपासून (एप्रिल १९७०) तेहरानमधील ओलीस सुटेपर्यंतचा (जानेवारी १९८१) काळ एकत्र पाहणे जास्त सोयीचे पडते. हत्या आणि दंगलींच्या बाबतीत साठचे दशक अधिक रक्तरंजित होते. मात्र सरकार आपल्याशी खरे बोलते का, ही शंका एरवी सरकारच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या मध्यमवर्गाला पडली ती सत्तरीत. १९६४ साली सरकारवर बहुतेक वेळा विश्वास ठेवता येतो असे म्हणणारे अमेरिकन सुमारे तीन चतुर्थांश होते. १९८०पर्यंत ते जेमतेम एक चतुर्थांश उरले.

व्हिएतनाम युद्ध आवरते घेऊ, असे सांगत निवडून आलेल्या रिचर्ड निक्सन यांनी ३० एप्रिल १९७० रोजी कंबोडियात सैन्य धाडल्याचे जाहीर केले आणि विद्यापीठे पेटली. ४ मे रोजी ओहायोतील केंट स्टेट विद्यापीठाच्या आवारात नॅशनल गार्ड या राखीव सैनिकी दलाच्या जवानांनी १३ सेकंदांत ६७ गोळ्या झाडल्या. चार विद्यार्थी ठार आणि नऊ जखमी झाले. मेलेल्यांपैकी दोघे तर निदर्शनांत सामीलही नव्हते. त्याच महिन्यात मिसिसिपीतील जॅक्सन स्टेट या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात पोलिसांच्या गोळीबारात दोन तरुण दगावले. त्या बातमीला केंट स्टेटच्या मानाने फारच कमी जागा मिळाली. पुढच्या वर्षी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने पेंटॅगॉनचा (अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा) व्हिएतनामविषयक गुप्त अहवाल छापायला घेतला. सरकारने छपाई थांबवण्यासाठी न्यायालय गाठले. सर्वोच्च न्यायालयाने ३० जून १९७१ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी वृत्तपत्रांच्या बाजूने कौल दिला. चार वेगवेगळ्या अध्यक्षांच्या काळात जनतेला अर्धसत्य सांगितले गेले, हे आता सरकारी कागदांवरूनच दिसत होते.

वॉटरगेट प्रकरणाची सुरुवात एका चिकटपट्टीने झाली. १७ जून १९७२च्या पहाटे वॉशिंग्टनमधील वॉटरगेट संकुलाचा पहारेकरी फ्रँक विल्स याला एका दाराच्या कुलपावर पट्टी चिकटवलेली दिसली. कामगारांनी लावली असेल, असे समजून त्याने ती काढून टाकली. पुन्हा फेरी मारताना पाहतो तो पट्टी परत जागेवर! त्याने पोलिसांना फोन केला आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात पाच जण पकडले गेले. या बातमीचा निवडणुकीवर जवळजवळ काहीच परिणाम झाला नाही. नोव्हेंबरमध्ये निक्सन यांनी ५० पैकी ४९ राज्ये जिंकली. खरा स्फोट जुलै १९७३ मध्ये झाला. अध्यक्षांच्या कार्यालयातले बोलणे ध्वनिफितींवर आपोआप नोंदले जाते, असे अलेक्झांडर बटरफील्ड या माजी अधिकाऱ्याने सिनेटच्या समितीपुढे सांगितले. त्या फितींसाठी वर्षभर झगडा चालला. एका फितीतली साडेअठरा मिनिटे पुसलेली निघाली. अखेर न्यायालयाच्या आदेशाने बाहेर आलेल्या एका संभाषणात, घरफोडीनंतर सहाच दिवसांनी निक्सन ‘सीआयए’ या गुप्तचर संस्थेला पुढे करून तपास रोखण्याच्या बेताला होकार देताना ऐकू आले. ९ ऑगस्ट १९७४ रोजी ते पायउतार झाले. त्यांच्या जागी आलेले जेरल्ड फोर्ड हे ना अध्यक्ष म्हणून निवडून आले होते, ना उपाध्यक्ष म्हणून. आधीचे उपाध्यक्ष स्पायरो अॅग्न्यू यांना करचुकवेगिरीच्या प्रकरणात राजीनामा द्यावा लागल्याने त्यांची वर्णी लागली होती. महिन्याभरातच फोर्ड यांनी निक्सन यांना माफी दिली.

याच फितींचा भारताशीही संबंध आहे. १९७१च्या बांगलादेश युद्धात सातवे आरमार बंगालच्या उपसागराकडे पाठवणारे निक्सन आणि त्यांचे सल्लागार हेन्री किसिंजर इंदिरा गांधींविषयी खासगीत कोणत्या भाषेत बोलत, हे पुढे त्यांतूनच जगजाहीर झाले.

सामान्य माणसाला मात्र सर्वांत जास्त झळ पेट्रोलची बसली. ऑक्टोबर १९७३ मध्ये इस्राएलला मदत केल्याबद्दल अरब देशांनी अमेरिकेचा तेलपुरवठा तोडला. तीन डॉलरच्या आसपास असलेला पिंपाचा भाव काही महिन्यांत बारा डॉलरच्या घरात गेला. पंपांवर रांगा लागल्या. अनेक राज्यांत गाडीच्या क्रमांकाचा शेवटचा आकडा सम की विषम, यावरून पेट्रोलचा वार ठरू लागला. महामार्गांवरील वेगमर्यादा ताशी ५५ मैलांवर आली. वीज वाचवण्यासाठी जानेवारी १९७४ मध्ये, ऐन हिवाळ्यात, घड्याळे तासभर पुढे केली गेली. मुले अंधारात शाळेला निघू लागली, पालक संतापले आणि तो प्रयोग त्याच वर्षी गुंडाळावा लागला. बंदी मार्चमध्ये उठली, तरी महागाई हटली नाही. भाव चढतात आणि नोकऱ्याही जातात, हे एकाच वेळी कसे घडते, याचे समाधानकारक उत्तर तेव्हाच्या अर्थतज्ज्ञांपाशी नव्हते.

३० एप्रिल १९७५ रोजी सायगाव पडले. सुमारे ५८ हजार अमेरिकन सैनिकांचा बळी घेणाऱ्या युद्धाचा शेवट दूरचित्रवाणीवर हेलिकॉप्टरांच्या धावपळीत दिसला. दुसऱ्या वर्षी स्वातंत्र्याची द्विशताब्दी थाटात साजरी झाली आणि ‘मी तुमच्याशी कधीच खोटे बोलणार नाही’ अशी ग्वाही देणारे जिमी कार्टर निवडून आले. वॉटरगेटआधी अशा वाक्यावर निवडणूक लढवावी, असे कोणाला सुचलेही नसते.

१९७९ साल कार्टर यांना जड गेले. मार्चमध्ये पेनसिल्व्हेनियातील थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात अपघात झाला, इराणमधील क्रांतीमुळे पंपांवर पुन्हा रांगा लागल्या, महागाई दोन अंकी झाली. ४ नोव्हेंबरला तेहरानमधील अमेरिकन दूतावास इराणी विद्यार्थ्यांनी ताब्यात घेतला आणि आतल्यांना ओलीस धरले. दूरचित्रवाणीचे वृत्तनिवेदक वॉल्टर क्रॉन्काइट रोज बातम्या संपवताना ओलिसांचा कितवा दिवस ते सांगत. एप्रिल १९८० मधील सुटकेची लष्करी मोहीम इराणच्या वाळवंटातच फसली आणि आठ सैनिक मारले गेले. ५२ ओलीस ४४४ दिवसांनी, २० जानेवारी १९८१ रोजी, नवे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांचा शपथविधी होताच सुटले. निक्सन यांच्या फितींवरून मालकीचा वाद झाल्यानंतर संसदेने १९७८ साली केलेला कायदाही त्याच दिवसापासून लागू झाला: अध्यक्षाची कार्यालयीन कागदपत्रे यापुढे त्याची खासगी मालमत्ता राहणार नव्हती.