साउंड कार्डाचा जुना सल्ला आणि आखातातला अ‍ॅम्प्लिफायर

कॉम्प्युटरवर गाणी नीट ऐकू येत नाहीत म्हटलं की ‘एक चांगलं साउंड कार्ड घालून घे’ असं सांगणारा फोंड्यात, म्हापशात कुणीतरी अजून भेटतोच. साउंड कार्ड म्हणजे कॉम्प्युटरमध्ये बसवायचं, आवाज तयार करणारं वेगळं कार्ड. सल्ला चुकीचा नव्हता. त्याची मुदत संपून बरीच वर्षं झाली, एवढंच. तो कुठून आला हे पाहिलं तर आज हातातले चार पैसे कुठे घालायचे तेही कळतं.

१९८१ साली आयबीएमचा पीसी आला तेव्हा त्यातला स्पीकर फक्त ‘पीं’ करायला होता. १९८७ च्या अ‍ॅडलिब कार्डात यामाहाची चिप होती. ती वाद्यांसारखे आवाज स्वतः घडवायची, पण ध्वनिमुद्रित गाणं वाजवणं तिच्या आवाक्यात नव्हतं. १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने साउंड ब्लास्टर काढलं, तेही ८ बिट (म्हणजे आवाजाचं मोजमाप ढोबळ) आणि मोनो (डावा-उजवा वेगळा नाही). १९९२ च्या साउंड ब्लास्टर १६ पासून घरचा पीसी निदान कागदावर तरी सीडीच्या मापाला आला: १६ बिट, सेकंदाला आवाजाची ४४,१०० मोजमापं म्हणजे नमुने, डावा-उजवा वेगळा.

खरी गंमत पुढे आहे. १९९७ साली इंटेलने एसी-९७ नावाचं मानक आणलं आणि आवाजाची चिप मदरबोर्डवरच बसू लागली. पीसी स्वस्त झाला, गाणं मात्र बिघडलं. त्यातल्या बऱ्याच चिप सेकंदाला ४८,००० नमुन्यांवरच चालायच्या. सीडीचे ४४,१०० त्यात बसवायचे तर मधे आकडेमोड लागायची, आणि ती घाईघाईने उरकलेली असायची. विंडोज एक्सपीचा मिक्सरही, म्हणजे सगळ्या प्रोग्रामांचे आवाज एकत्र करणारा भाग, मधे हात घालायचा. (ज्या साउंड ब्लास्टर लाइव्हची तेव्हा सगळे शिफारस करायचे, तेही आतून ४८,००० वरच चालायचं, पण बोलायचं कुणाला?) त्यात कॅबिनेटमधल्या विजेचा गोंधळ. हेडफोन लावून माउस हलवला की कानात बारीक चिरचिर, हार्ड डिस्क फिरली की वेगळी. त्या काळात वेगळं कार्ड घेतलं की फरक खरोखरच ऐकू यायचा.

२००४ मध्ये एसी-९७ च्या जागी इंटेलचं एचडी ऑडिओ हे नवं मानक आलं. २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून प्लेअरला मिक्सर टाळून थेट चिपशी बोलता येऊ लागलं. फूबार२००० सारख्या फुकटच्या प्लेअरमध्ये ही सोय मिळते. त्याहून मोठा बदल यूएसबीचा. यूएसबीवरून ध्वनी पाठवायचं मानक १९९८ चं आहे. त्यामुळे आकड्यांचा आवाज करणारी चिप, म्हणजे डॅक, कॅबिनेटच्या बाहेर काढता आली. आज बोटभर लांबीच्या यूएसबी अ‍ॅडाप्टरमध्येही बरी चिप असते. तुमच्या मदरबोर्डच्या हिरव्या सॉकेटमधून चिरचिर येत नसेल, तर तोही खर्च करू नये असं माझं मत आहे.

मग बिघाड उरतो कुठे? एक तर फाइलमध्ये. एमपी३, म्हणजे आवाजाचा काही भाग कापून लहान केलेली फाइल, हे नाव १९९५ चं. सीडीला सेकंदाला १,४११ किलोबिट लागतात, आणि आपल्याकडे पेन ड्राइव्हवरून घरोघर फिरलेली नाट्यगीतं बहुतेक १२८ ची, म्हणजे अकराव्या हिश्शाची. तबल्याची चाट त्यात पत्र्यासारखी वाजते. जे कापून टाकलं ते कुठलाही डॅक परत आणणार नाही. घरात मूळ सीडी असेल तर ती पुन्हा फ्लॅक नावाच्या फाइल-प्रकारात उतरवून घ्यावी. २००१ पासूनचा हा प्रकार फुकट आहे आणि काही न गमावता जागा वाचवतो.

बाकी सगळं स्पीकर आणि खोली. इथे गोव्याचा स्वतःचा इतिहास कामाला येतो. पोर्तुगीज अमदानीत परदेशी माल इथे सहज मिळायचा. पुढे आखातात गेलेले आणि बोटीवरचे तारवटी सुट्टीवर येताना जपानी स्टिरिओ आणू लागले. उरलेल्या देशात तेव्हा अशा वस्तूंवर जबर आयातशुल्क होतं. नंतर उलट झालं. जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान कराराच्या अटींप्रमाणे २००५ पर्यंत कॉम्प्युटर आणि त्याच्या भागांवरचं सीमाशुल्क शून्यावर आलं, हायफायच्या सामानाला मात्र ती सवलत नव्हती. परिणामी गाणी कॉम्प्युटरमध्ये गेली, सोबत प्लास्टिकचे टू-पॉइंट-वन (दोन छोटे आणि एक खर्जाचा) स्पीकर आले, आणि खोक्यावर ‘पीएमपीओ’ (क्षणभराची म्हणे कमाल ताकद) लिहून हजारो वॉट छापायची साथ आली. त्या आकड्याला काडीचा अर्थ नाही. पाहायचा तो आरएमएस, म्हणजे सतत पेलणारी ताकद.

आणि आखातातला तो अ‍ॅम्प्लिफायर? कित्येक घरांत तो हॉलच्या शोकेसमध्ये विणलेल्या रुमालाखाली अजून आहे. साडेतीन मिलिमीटरच्या (हेडफोनच्या) पिनेपासून दोन आरसीए (तांबड्या-पांढऱ्या) पिनांपर्यंत जाणारी वायर घ्या आणि मागच्या ‘ऑक्स’मध्ये लावा. ‘फोनो’मध्ये लावू नका. ती जागा तबकडीच्या सुईच्या अगदी क्षीण सिग्नलसाठी असते. तिथे कॉम्प्युटर जोडला तर नुसता फाटका गोंगाट मिळेल. व्हॉल्यूमची खुंटी फिरवताना खरखर झाली तर आत कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा बहुधा पुरतो.

जुन्या स्पीकरचं मात्र जपून. जाळी काढा आणि आतल्या शंकूसारख्या पडद्याच्या (कोनाच्या) कडेची गोल पट्टी बोटाने हळूच दाबा. फोमची असेल आणि आपल्या दमट हवेत वर्षं काढलेली असेल, तर ती दाबल्यावर भुसा होऊन हातात येते. रबराची टिकते. फोम गेला म्हणून स्पीकर भंगारात घालायची गरज नाही. नुसती ती कड बदलता येते.

घूं असा सलग आवाज येत असेल तर तो बहुतेक वेळा अर्थिंगचा. तीन पिनांचा कॉम्प्युटर आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्यात जमिनीकडे जायच्या दोन वाटा तयार झाल्या की मेनचा ५० हर्ट्झचा सूर स्पीकरमध्ये उतरतो. अर्थची पिन कापायचा उपाय काही लोक बिनदिक्कत सांगतात. तो जिवावर बेतू शकतो. आवाजाच्या वायरीच्या मधे लावायचा छोटा आयसोलेटर मिळतो, तो घ्यावा.

स्टिरिओ ही कल्पना कॉम्प्युटरहून किती जुनी! इंग्लंडच्या ईएमआय कंपनीतल्या अ‍ॅलन ब्लमलाइनने १९३१ मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. तिची मागणी एवढीच: दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा साधारण समभुज त्रिकोण. एक स्पीकर टीव्हीशेजारी आणि दुसरा फ्रिजवर ठेवला तर तिथे स्टिरिओ नाहीच. नव्या फ्लॅटमध्ये गुळगुळीत टाइल्स आणि वर सपाट स्लॅब असतो. टाळी वाजवली की झणझणाट ऐकू येतो. जाड पडदे आणि सतरंजीने तो बराच कमी होतो. उतरत्या कौलांच्या जुन्या घरात हा त्रास कमी जाणवतो.

मांडणी जमली का हे पाहायला केसरबाई केरकरांचं ध्वनिमुद्रण घ्यावं. फोंड्याजवळच्या केरीच्या या गायिकेचा आवाज १९७७ साली व्हॉएजर यानातल्या सोनेरी तबकडीवरून अंतराळात गेला. त्यांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या मोनो आहेत, म्हणजे दोन्ही बाजूंना तंतोतंत तोच आवाज. म्हणून तो दोन स्पीकरच्या बरोबर मधे, जिथे काहीच ठेवलेलं नाही तिथून यायला हवा. एका बाजूला सरकला तर आपली बसायची जागा किंवा बॅलन्सची खुंटी पाहावी. आवाज नक्की कुठून येतोय तेच कळेना आणि खर्जही पोकळ झाला, तर एका स्पीकरची तांबडी-काळी वायर उलटी लागली आहे. अ‍ॅम्प्लिफायर बंद करून त्या एकाच स्पीकरची अदलाबदल करावी.