बंड्याचं चोरासारखं तोंड

गेल्या उन्हाळ्यात बंड्यानं माझी नवी कोल्हापुरी खाल्ली. एकच, डावी. पाच महिन्यांचं गावठी कुत्र्याचं पिल्लू, घरातले सगळे कामावर, आणि करकर कमी व्हावी म्हणून मी तेल लावून दाराशी ठेवलेली चप्पल. संध्याकाळी दार उघडलं तर अंगठ्याचा तुकडा सोफ्याखाली, पट्टा गॅलरीत, आणि साहेब कोपऱ्यात, कान मागं, शेपूट पोटाखाली, नजर भिंतीकडं. शेजारचे काका दारातनंच म्हणाले, "तोंड बघ की, त्येला बरोबर कळतंय आपण काय केलंय ते." मला पण तसंच वाटलं आणि मी लई ओरडलो.

नंतर वाचत बसलो तेव्हा कळलं की ह्या तोंडावर चक्क प्रयोग झालाय. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ ह्यांनी २००९ साली १४ पाळीव कुत्र्यांवर तो केला. मालकानं कुत्र्यासमोर खाऊ ठेवायचा, खाऊ नको म्हणून सांगायचं आणि खोलीबाहेर जायचं. मागं कधी कुत्र्याला खाऊ मिळायचा, कधी नुसताच उचलून ठेवला जायचा. मालक परत आला की त्याला सांगायचे, खाल्लाय किंवा नाही खाल्ला, पण मेख अशी की काही वेळा चक्क खोटं सांगायचे. म्हणजे बिचाऱ्यानं तोंड पण लावलेलं नाही आणि मालक रागावतोय. आता कुत्र्याला खरंच स्वतःची चूक कळत असती तर ज्यानं खाऊ खाल्लाय त्याचं तोंड जास्त पडायला हवं होतं. तसं झालंच नाही. मालक रागावला की तोंड पडायचं, खाल्लं असो नसो, आणि सगळ्यात जास्त तोंड पडलं ते खाऊ न खाता उगाच बोलणी बसलेल्या कुत्र्यांचं!

म्हणजे ते तोंड आपल्या रागाला दिलेलं उत्तर असतं. कान मागं, अंग चोरून घेणं, नजर चुकवणं, मध्येच ओठ चाटणं, झोप आलेली नसताना जांभई, डोळ्याच्या कडेला दिसणारा पांढरा भाग, ही सगळी कुत्र्याची "बाबा, भांडण नको" म्हणायची पद्धत. कुत्र्याच्या मनात अपराधीपणा अजिबात नसतो असं काही ह्या प्रयोगानं सिद्ध होत नाही हं, पण तोंडावरनं तो ओळखता येतो हा आपला समज मात्र गेला.

"अहो पण मी काही बोलायच्या आधीच तो कोपऱ्यात गेला होता" असं मी पण म्हणालो होतो. पण आधी दोनदा असंच झालेलं, फरशीवर कपटे, मी दारात, आणि मग आरडाओरडा. कपटे अधिक मालक म्हणजे संकट, एवढा हिशोब कुत्र्याला सहज जमतो. सकाळी अकराला खाल्लेली चप्पल आणि संध्याकाळी सातचा ओरडा ह्यांची गाठ मात्र त्याच्या डोक्यात बसत नाही, कारण शिक्षा काय किंवा शाबासकी काय, काही सेकंदांत मिळाली तरच ती त्या कामाशी जोडली जाते. आणि पाच महिने म्हणजे दुधाचे २८ दात पडून पक्के ४२ येण्याचा काळ, हिरड्या शिवशिवत असतात, त्यात बाभळीच्या सालीत आणि हिरडा ह्या फळात कमावलेलं कातडं, वर तेल. चूक कुणाची ते तुम्हीच ठरवा.

ओरडून, हिसका देऊन शिकवलेल्या कुत्र्यांचं काय होतं हे पोर्तुगालमधल्या संशोधकांनी ९२ कुत्र्यांवर तपासलं, निष्कर्ष २०२० मध्ये आले. दटावून शिकवणाऱ्या क्लासमधली कुत्री जास्त जांभया देत होती, जास्त ओठ चाटत होती, आणि क्लासनंतर त्यांच्या लाळेत कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, जास्त वाढलेलं सापडलं. खाऊ आणि कौतुक देऊन शिकवणाऱ्या क्लासमध्ये तसं नव्हतं.

आपली भाषा वाचण्यात कुत्री किती तरबेज आहेत बघा. २०२० मध्येच कोलकात्याच्या आयसर ह्या विज्ञान संस्थेच्या टीमनं रस्त्यावरच्या कुत्र्यांसमोर झाकलेल्या दोन वाट्या ठेवल्या आणि एकीकडं हात दाखवला. जवळपास निम्मी कुत्री भीतीनं पुढं आलीच नाहीत, पण जी आली त्यातली सुमारे ८० टक्के बरोबर दाखवलेल्या वाटीकडं गेली, कुणी शिकवलेलं नसताना. रंकाळा तलावावर भेळेच्या गाड्यांपाशी बसलेली मंडळी बघा एकदा, कुणाच्या हातातला कागद आता खाली पडणार आणि कुणाचा हात दगडाला जाणार हे त्यांना आधीच ठाऊक असतं. आणि आपण माणसं मात्र दाराशी उभं राहून "बघा कसं चोरासारखं तोंड केलंय" म्हणून फोटो काढतो.

आता चपला कपाटात वरच्या फळीवर असतात, बंड्याला दोरीची गाठ दिलीय चावायला, आणि कामावर जायच्या आधी रंकाळ्यापर्यंत फिरवून आणतो. चप्पल परत कधी गेली नाही. पण अजून मी कपाटातनं चप्पल काढून हातात घेतली की त्याचे कान मागं जातात, ती मी त्यालाच फिरायला न्यायला काढलेली असली तरी.