टोपणनावाला निनावी म्हणणं आता पुरे

दहा वर्षं एकाच आयडीने लिहिणारा माणूस असतो. शेकडो लोक त्याला त्या नावाने ओळखतात. कुठल्या विषयावर तो काय बोलणार हे आधीच सांगू शकतात, आठवडाभर दिसला नाही तर चौकशीही करतात. मग एखाद्या बातमीत त्याचा उल्लेख येतो, 'एका निनावी युजरने म्हटलं आहे'. निनावी कसला? चांगलं ठसठशीत नाव आहे त्याला. जन्मदाखल्यावरचं नाही, एवढंच.

हा घोळ इतक्या वेळा वाचलाय की आता दोन्ही गोष्टी शेजारी मांडून मोकळी होते.

टोपणनावाबद्दल फार सांगत बसत नाही, कारण तुमच्याकडेच निदान तीन असतील. एक गेममधलं, एक ईमेलचं (जे आता अर्जात लिहायची लाज वाटते) आणि एक हवं ते कुणीतरी आधीच पळवल्यामुळे शेवटी आकडे चिकटवून घेतलेलं. त्यांच्यामागच्या गोष्टीही बहुतेक ठरलेल्या: वर्गातलं चिडवायचं नाव, आवडत्या पात्राचं नाव उलटं करून, लाडक्या कुत्र्याचं नाव, नाहीतर कंटाळून कीबोर्डवर आपटलेली बोटं. जुन्या मंडळींच्या नावांत मात्र उगाच गूढ अर्थ शोधू नका. कित्येक युनिक्स यंत्रणांवर लॉगिनचं नाव आठ अक्षरांत बसवावं लागायचं, आणि आयआरसी या जुन्या इंटरनेट-गप्पांच्या यंत्रणेच्या १९९३ च्या नियमावलीत टोपणनावाला कमाल नऊ अक्षरं होती. स्वर गाळलेली, मध्येच तुटलेली ती नावं जागा संपल्यामुळे तशी आहेत.

युजरनेम आणि डिस्प्ले नेम यांतला गोंधळही जाता जाता उरकते. पहिलं त्या ठिकाणी एकालाच मिळतं, दुसरं कितीही जण सारखं ठेवू शकतात. भामटे दुसऱ्यावर खेळतात, तेव्हा पहिलं वाचायची सवय लावा. संपला विषय.

आता मुद्द्याचं. बहुतेकांच्या डोक्यात एक उतरंड असते: वर खरं नाव, मध्ये टोपणनाव, खाली निनावी. जितकं खाली जाल तितकं जास्त लपलेलं. ही उतरंडच चुकीची आहे, कारण इथे दोन वेगवेगळे प्रश्न आहेत. पहिला, हा माणूस प्रत्यक्षात कोण? दुसरा, हे लिहिणारा आणि ते लिहिणारा एकच का? टोपणनाव पहिल्या प्रश्नाला गप्प बसतं आणि दुसऱ्याला ठणठणीत 'हो' म्हणतं. निनावी लिखाण दोन्हींना गप्प बसतं. लोक पहिल्या प्रश्नावरच अडकतात, आणि फसतात नेमके दुसऱ्यावर.

फसणं कसं असतं ते बघा. ऑगस्ट २००६ मध्ये एओएल या अमेरिकन इंटरनेट कंपनीने संशोधकांच्या सोयीसाठी म्हणून सुमारे साडेसहा लाख लोकांनी तीन महिन्यांत केलेले जवळपास दोन कोटी शोध इंटरनेटवर खुले केले. काळजी घेतली होती बरं का. सगळी नावं काढून प्रत्येक माणसाला एकेक आकडा दिला होता. त्यांच्या मते झाली माहिती निनावी. काही दिवसांतच न्यूयॉर्क टाइम्सचे बातमीदार त्यातल्या एका आकड्याच्या मालकिणीच्या दारात उभे होते. एकेकटा शोध कुणाचाही असू शकतो. पण एकाच आकड्याखाली एका गावातले कारागीर, एकाच आडनावाची बरीच माणसं, पाळीव प्राण्याच्या खोड्या, दुखणीखुपणी असं सगळं लागोपाठ आलं की उरतंच किती जण? त्या प्रकरणात कंपनीच्या तंत्रज्ञान विभागाच्या प्रमुखांनी पद सोडलं. चूक नावं काढण्यात नव्हतीच. प्रत्येकाला कायमचा आकडा देताना त्यांनी साडेसहा लाख लोकांना टोपणनावं वाटली, आणि त्यांना निनावी म्हटलं. प्रत्येक शोधाला वेगळा आकडा दिला असता तर ही साखळी जुळली नसती. अर्थात मग संशोधकांनाही त्या ढिगाचा फारसा उपयोग झाला नसता, कारण त्यांना हवी होती ती तीच साखळी.

त्याच्याही आधीचं एक उदाहरण मला जास्त आवडतं. १९९३ मध्ये फिनलंडमध्ये योहान हेल्सिंगियस यांनी अनॉन डॉट पेनेट डॉट एफआय ही सेवा सुरू केली. तुम्ही तिथे संदेश पाठवायचा, ती तुमचा पत्ता काढून टाकून त्या जागी 'एएन' आणि काही आकडे असा पत्ता लावायची आणि संदेश पुढे पाठवायची. समोरच्याने त्या पत्त्यावर उत्तर दिलं की ते फिरून तुमच्याकडे. जो तो तिला निनावी सेवा म्हणायचा, नावातही तेच होतं. पण उत्तर तुमच्यापर्यंत पोचायचं तर कुठला आकडा कुणाचा याची यादी कुठेतरी हवीच. ती हेल्सिंगियस यांच्या संगणकात होती. १९९५ मध्ये चर्च ऑफ सायंटॉलॉजी या पंथाच्या तक्रारीवरून पोलीस आले आणि हेल्सिंगियस यांना एक पत्ता द्यावा लागला. ऑगस्ट १९९६ मध्ये त्यांनी सेवाच बंद केली. सायफरपंक म्हणवणाऱ्या, खासगीपणासाठी झटणाऱ्या मंडळींनी बांधलेल्या रिमेलरांत (पत्ता काढून संदेश पुढे पाठवणाऱ्या अशाच सेवांत) अशी यादीच ठेवली जात नव्हती, त्यामुळे तिथे साधं 'रिप्लाय' दाबून उत्तर पाठवायची सोयही नव्हती.

ओळखायची खूण हवी असेल तर हीच घ्या: या माणसाला उद्या पुन्हा गाठून 'काल तू असं म्हणालास' असं सांगता येईल का? येत असेल तर तो टोपणनावी आहे, मग त्याचं नाव 'निनावी_२२' का असेना. (असं नाव घेणाऱ्यांवर माझा वेगळा राग आहे, पण तो राहू दे.)

आता उलटी गंमत. विकिपीडियावर खातं न उघडता बदल करणाऱ्यांना सर्रास निनावी संपादक म्हटलं जायचं. प्रत्यक्षात वर्षानुवर्षं त्यांच्या बदलासमोर आयपी पत्ता, म्हणजे त्यांच्या इंटरनेट जोडणीचा आकडा, जाहीरपणे नोंदला जात होता. मनाला येईल ते नाव घेऊन खातं उघडणाऱ्याचा पत्ता मात्र जनतेला दिसत नव्हता. म्हणजे टोपणनावी माणूस 'निनावी' माणसापेक्षा जास्त झाकलेला! २००७ मध्ये विकिस्कॅनर नावाचं साधन आलं. ते हे आयपी पत्ते संस्थांच्या पत्त्यांशी जुळवून दाखवायचं, आणि आपल्याच संस्थेच्या लेखातला नको तो मजकूर कुठल्या कचेरीतून उडवला गेला हे चारचौघांत आलं. आता तिथे आयपीऐवजी तात्पुरती खाती देण्याची पद्धत आली आहे. उशीर झाला, पण बरं झालं.

खरं निनावी लिखाण कसं दिसतं हे पाहायचं तर २००३ साली सुरू झालेलं फोरचॅन हे चर्चेचं संकेतस्थळ पाहावं. तिथे नावाची चौकट रिकामी सोडली की 'अनॉनिमस' असं आपोआप लागतं, आणि जवळजवळ सगळेच ती रिकामी सोडतात. एका पानावर पन्नास 'अनॉनिमस' भांडत असतात. त्यात माणसं पन्नास की पाच, सांगता येत नाही. त्या नावाला कसली गोष्ट असणार? पण तिथेही कधीतरी 'मघाशी बोललो तो मीच' हे पटवायची वेळ येते. त्यासाठी ट्रिपकोड असतो: नावापुढे खूण करून एक गुप्त शब्द लिहायचा, यंत्रणा त्यापासून अक्षरांची एक ठरावीक गुंडी बनवून दाखवते. शब्द तोच तर गुंडी तीच. आपण कोण हे न सांगता आपण तेच आहोत हे सिद्ध झालं. तिथले जुनेजाणते ट्रिपकोडवाल्यांना नाकं मुरडतात ती याचसाठी; सगळे बिनचेहऱ्याचे असताना हा नाव कमवायला निघाला!

नाव कमवणं हे टोपणनावाला जमतं, निनावीपणाला नाही. बिटकॉइनचा आराखडा २००८ मध्ये सातोशी नाकामोतो या नावाने प्रसिद्ध झाला. या नावामागे कोण आहे, एक आहे की चार आहेत, हे आजवर जाहीर झालेलं नाही. तरीही सातोशीचं लिखाण कुठलं आणि कुठलं नाही याबद्दल फारसा वाद होत नाही. २०१६ मध्ये एका ऑस्ट्रेलियन गृहस्थांनी 'तो मीच' म्हणून जाहीर केलं, तेव्हा जाणकारांनी त्यांच्याकडे पासपोर्ट मागितला नाही. फक्त सातोशीकडेच असणार अशा सुरुवातीच्या डिजिटल किल्लीने सही करून दाखवा म्हणाले. सगळ्यांना पटेल अशी सही काही झाली नाही, आणि मार्च २०२४ मध्ये लंडनच्या न्यायालयानेही ते सातोशी नाहीत असा निर्णय दिला. माणूस अज्ञात असूनही त्याच्या नावाची तोतयेगिरी पकडता येते. 'अनॉनिमस'ची तोतयेगिरी करून दाखवा बघू.

हे काही इंटरनेटने आणलेलं नाही. गिनेस या मद्यकंपनीत काम करणारे विल्यम गॉसेट १९०८ मध्ये 'स्टुडंट' या नावाने संख्याशास्त्रावर लिहीत होते, कारण कंपनी कर्मचाऱ्यांना स्वतःच्या नावाने शोधनिबंध छापू देत नव्हती. त्यांची चाचणी आजही 'स्टुडंटची टी-चाचणी' म्हणूनच शिकवली जाते. आपल्याकडे गडकऱ्यांनी कविता गोविंदाग्रज म्हणून लिहिली आणि विनोद बाळकराम म्हणून. दोन नावं, दोन खाती, दोन्हीकडे वेगळी पत.

म्हणून 'हिंमत असेल तर खऱ्या नावाने बोला' हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. म्हणणाऱ्याला त्रास झालेला असतो निनावी टोळक्याचा, आणि तो बंदी मागतो टोपणनावांवर. जुन्या टोपणनावाला गमवायला पत असते; आजच उगवलेल्या डू-आयडीला (जुन्याच माणसाने काढलेल्या दुसऱ्या खात्याला) नसते. दक्षिण कोरियाने २००७ पासून मोठ्या संकेतस्थळांवर लिहिण्याआधी खरी ओळख पटवायची सक्ती केली. २०११ मध्ये तिथल्या दोन सेवांतून सुमारे साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली, आणि ऑगस्ट २०१२ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ती सक्तीच रद्द केली. गूगल प्लस या गूगलच्या समाजमाध्यमानेही २०११ मध्ये खऱ्या नावाचा आग्रह धरून लोकांची खाती बंद केली होती. २०१४ मध्ये तो आग्रह सोडला.

मधली एक जात राहिली, थ्रोअवे खाती. नाजूक प्रश्न विचारायचा, उत्तरं घ्यायची, खातं सोडून द्यायचं. पहिल्या दिवशी हे जवळजवळ निनावी असतं. तिसऱ्या दिवशी मालक त्याच खात्यातून क्रिकेटच्या वादात पडतो, आणि संपलं. वापरता वापरता निनावीचं टोपणनाव कधी झालं हे वापरणाऱ्याला कळत नाही. उलट दिशेने परत मात्र जाता येत नाही.

आता नावांमागच्या गोष्टींकडे या फरकातून बघा. समजा कुणाचा आयडी आहे 'शेवटचाबाक९१'. नुसतं एवढ्यावरून माणूस सापडत नाही. पण ९१ हे जन्मसाल असणार, हे शेंबडं पोरही सांगेल. मग एकदा गप्पांत नावाची गोष्ट निघते, आणि तो खुशीत सांगतो की आमच्या वर्गात शेवटच्या बाकावर आम्ही तिघंच, शाळा अमुक, सर तमुक. हाच आयडी बुद्धिबळाच्या साइटवर आहे, कॅमेऱ्यांच्या चर्चेत आहे, आणि दोन वर्षांपूर्वी 'झोप लागत नाही, काय करू' असं विचारतानाही होता. त्याने खरं नाव कुठेच लिहिलेलं नाही, म्हणून त्याला वाटतं आपण निनावी आहोत. शाळेतला एक मित्र आणि एक सर्च, बास.

गोष्ट सांगू नका असं मी म्हणत नाही. मला तर त्या वाचायला फार आवडतात. पण पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव, पहिली शाळा, लहानपणीचं टोपणनाव हेच प्रश्न बँका ओळख पटवायला विचारत आल्या आहेत, हे लक्षात असू द्या. जन्मसाल नावात घालू नका, कितीही मोह झाला तरी. आणि दुखण्याखुपण्याच्या जागी तरी गडकऱ्यांचा मार्ग धरा, वेगळं नाव घ्या.

वेगळं नाव घेऊनही हात लपतोच असं नाही. १७८७-८८ मध्ये अमेरिकेच्या नव्या राज्यघटनेच्या बाजूने 'पब्लियस' या एकाच नावाने ८५ लेख लिहिले गेले. लिहिणारे होते अलेक्झांडर हॅमिल्टन, जेम्स मॅडिसन आणि जॉन जे. त्यातले बारा हॅमिल्टनचे की मॅडिसनचे यावर पुढे दीर्घकाळ वाद चालला. १९६४ मध्ये मॉस्टेलर आणि वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी विचार, विषय सगळं बाजूला ठेवून किरकोळ शब्द मोजले. हॅमिल्टन 'अपॉन' हा शब्द पावलोपावली वापरायचे, मॅडिसन क्वचितच. अशा बिनमहत्त्वाच्या शब्दांवरून बाराही लेख मॅडिसनच्या पारड्यात गेले. डू-आयडी पकडणारे तेच करतात, फक्त आकडेमोड न करता. नवं नाव, नवं चित्र, नवी ओळख, आणि दुसऱ्याच प्रतिसादात तीच सहा टिंबं आणि त्यापुढे 'असो'. खाली लगेच कुणीतरी जुन्या आयडीने हाक मारून स्वागत करतं.