चित्रपटातील केशसातत्य

चित्रीकरण कितीही लांबले तरी पात्राचे केस कथेतल्या काळाशी जुळते ठेवण्याच्या पद्धतीला केशसातत्य म्हणतात. पडद्यावरचा नट सहसा नुकताच केस कापून आल्यासारखा दिसत नाही, त्याचे बरेचसे कारण या पद्धतीत आहे.

डोक्यावरचे केस महिन्याला साधारण १ ते १.२५ सेंमी. वाढतात. मोठ्या चित्रपटाचे चित्रीकरण दोन-तीन महिने सहज चालते आणि प्रसंग कथेच्या क्रमाने टिपले जात नाहीत. नट दार उघडतो तो पहिल्या आठवड्यात आणि उंबरठा ओलांडतो तो दहाव्या आठवड्यात, असे घडू शकते. प्रेक्षकाला ते एकच पाऊल वाटायला हवे. लांब केसांत मधली वाढ खपून जाते. आखूड केसांत, कल्ल्यांजवळ आणि मानेवर ती लगेच उघडी पडते. म्हणून केशभूषाकार ठरावीक दिवसांनी फक्त वाढीपुरते केस कातरत राहतो. पात्राचे केस अशा रीतीने कापणीनंतरच्या एक-दोन आठवड्यांच्या अवस्थेत महिनोन्‌महिने थांबवून ठेवलेले असतात.

नेमकी हीच अवस्था सोयीची, कारण ताजी कापणी लपत नाही. कडा सरळ दिसतात, कल्ल्यांची रेघ कोरल्यासारखी असते आणि कानामागे, मानेवर ऊन न लागलेल्या त्वचेची फिकट पट्टी उमटते. मुख्य कापणी त्यामुळे चित्रीकरणाच्या काही दिवस आधी उरकतात. टोके कात्री उभी धरून किंवा केस विरळ करणाऱ्या दातेरी कात्रीने मोडतात. फिकट पट्टीवर रंगभूषेचा हात फिरतो. कथेच्या दृष्टीनेही ताजी कापणी अडचणीचीच. हा मधेच केस कापायला कधी गेला, असा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात आला की प्रसंग निसटलाच. सैनिक, नवरदेव किंवा मुलाखतीला निघालेला उमेदवार यांच्याबाबत ती मुद्दाम दाखवतात.

नोंदीसाठी प्रत्येक प्रसंगाआधी आणि नंतर समोरून, मागून व दोन्ही बाजूंनी छायाचित्रे घेतात. पूर्वी त्यासाठी पोलरॉइड कॅमेरा वापरत.

खरी पंचाईत फेरचित्रीकरणात होते, कारण तोवर नट दुसऱ्या भूमिकेच्या वेषात गेलेला असतो. ‘जस्टिस लीग’च्या (२०१७) फेरचित्रीकरणावेळी हेन्री कॅव्हिल याने दुसऱ्या चित्रपटासाठी मिशी राखली होती. ती संगणकावर पुसावी लागली आणि वरचा ओठ विचित्र दिसल्याने चित्रपटाची थट्टा झाली. ‘कास्ट अवे’त (२०००) मार्ग उलटा होता : टॉम हँक्स याचे वजन उतरावे आणि केस-दाढी वाढावी म्हणून चित्रीकरण सुमारे वर्षभर थांबवले गेले. एवढी सवड क्वचितच मिळते. एरवी टोप वापरतात; त्याची पुढची कड बारीक जाळीवर एकेक केस गुंफून केलेली असते. तरी अतिस्पष्ट डिजिटल चित्रणात ती जाळी कपाळाशी दिसण्याचा धोका राहतोच.