जी-कोडमागची कागदी पट्टी

सीएनसी, म्हणजे संगणकाच्या नियंत्रणावर चालणारी कटिंगची यंत्रं, शिकायला आलेल्यांच्या हातात पहिल्याच दिवशी जी-कोडचा, म्हणजे मशीनला सूचना द्यायच्या भाषेचा, एक तक्ता पडतो. जी०० म्हणजे जलद हालचाल, जी०१ म्हणजे ठरलेल्या फीडने (टूल पुढे सरकण्याच्या वेगाने) सरळ रेषेत कटिंग, जी०२ आणि जी०३ म्हणजे घड्याळाच्या दिशेने आणि उलट दिशेने आर्क (वर्तुळाचा तुकडा), एम०३ने स्पिंडल (फिरणारा दांडा) सुरू, एम०८ने कूलंट (थंडाव्याचा द्रव), एम३०ने प्रोग्रॅम संपला. तक्ता पाठ होतो, पण हे सगळं असंच का, ते सहसा कुणी सांगत नाही. एक्स५० आणि पुढे टिंब दिलेला एक्स५०. यांत एवढा फरक का पडतो? एकदा लिहिलेला जी०१ पुढच्या ओळींनाही का लागू राहतो? प्रोग्रॅमच्या दोन्ही टोकांना % कशासाठी? ही भाषा कधी आणि कसल्या यंत्रांसाठी घडली हे माहीत असलं, की पाठांतराचं ओझं बरंच कमी होतं आणि मशीनवर काम करताना माणूस नेमका कुठे सावध राहायचं ते ओळखतो, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात झाली हेलिकॉप्टरच्या पात्यांपासून. १९४०च्या दशकात अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या ट्रॅव्हर्स सिटी इथे जॉन पार्सन्स यांची कंपनी ही पाती बनवत असे. पात्याचा आकार तपासायला टेम्प्लेट लागायचे, आणि त्यांची वक्ररेषा थोड्या बिंदूंवरून हाताने जुळवून काढावी लागायची. पार्सन्स यांचे सहकारी फ्रँक स्टुलेन यांनी पंचकार्डांवर चालणारी आयबीएमची गणनयंत्रं या कामाला लावली आणि त्या वक्ररेषेवरचे सुमारे २०० बिंदू काढले. मग मशीनवर एक माणूस आकडे मोठ्याने वाचायचा, दुसरा एक्सचं हँडल फिरवायचा, तिसरा वायचं. प्रत्येक बिंदूवर कटर खाली जायचा, आणि मधे उरलेले उंचवटे कानशीने घासून काढायचे. एक्स आणि वायचे आकडे, त्यांचा ठरलेला क्रम आणि एका वेळी एकच बिंदू, हा आजच्या प्रोग्रॅमचा सांगाडा तिथे दिसतो. फक्त तो वाचायला आणि हँडल फिरवायला माणसं होती.

माणसांच्या जागी मोटारी आणायच्या म्हणून १९४९मध्ये अमेरिकी हवाई दलाने पार्सन्स यांना कंत्राट दिलं. मोटारींच्या नियंत्रणासाठी पार्सन्स एमआयटी या अमेरिकी तंत्रविद्यापीठाच्या सर्व्होमेकॅनिझम्स प्रयोगशाळेकडे गेले. पार्सन्स यांना बिंदूपासून बिंदूपर्यंत जाणारं यंत्र पुरेसं वाटत होतं, तर एमआयटीच्या लोकांना तिन्ही अक्ष एकाच वेळी, सलग मार्गाने चालवायचे होते. पुढे पार्सन्स त्या कामातून बाहेर पडले आणि १९५२मध्ये एमआयटीने सिनसिनाटी हायड्रो-टेल या मिलिंग मशीनवर (फिरत्या कटरने कापणाऱ्या यंत्रावर) आपलं नियंत्रण चालवून दाखवलं. व्हॅक्यूम ट्यूब आणि रिले यांनी भरलेली कपाटं शेजारी उभी होती, आणि सूचना येत होत्या भोकं पाडलेल्या पट्टीवरून. पार्सन्स यांनी त्याच वर्षी पेटंटसाठी अर्ज केला होता. ते १९५८मध्ये मंजूर झालं.

पट्टीचं माप पुढे ठरून गेलं: रुंदी एक इंच, आडव्या रांगेत भोकांच्या आठ जागा, एका रांगेत एक अक्षर, आणि एका इंच लांबीत १० अक्षरं. हा शेवटचा आकडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. समजा ५०० ओळींचा प्रोग्रॅम आहे आणि प्रत्येक ओळीत जी०१एफ१५० असं लिहिलं. मूळ रोमन लिपीत ही सात अक्षरं होतात. म्हणजे तेवढ्यासाठीच ३,५०० अक्षरं, ३५० इंच, जवळजवळ नऊ मीटर पट्टी. हे सगळं पंच करायचं, रीडरमधून ओढायचं आणि फाटलं तर पुन्हा करायचं. म्हणून एकदा दिलेला जी०१ किंवा फीड रद्द करेपर्यंत चालू राहतो. यालाच आपण मोडल म्हणतो.

पट्टी वाचून मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरला जेमतेम स्मृती होती. तो पट्टीवरचा एक ब्लॉक, म्हणजे प्रोग्रॅमची एक ओळ, वाचायचा, तेवढा अमलात आणायचा आणि पुढचा ओढायचा. संपूर्ण प्रोग्रॅम त्याच्यासमोर कधी नसायचाच. म्हणून ओळी छोट्या आणि प्रत्येक ओळीत थेट मशीनने करायची कृती. म्हणूनच ड्रिलिंगसाठी जी८१सारख्या तयार सायकली, म्हणजे हालचालींचे ठरलेले संच, आल्या. एका भोकासाठी जागेवर जा, जॉबजवळ (कापायच्या तुकड्याजवळ) खाली ये, फीडने भोक पाड, वर ये, अशा चार हालचाली लागतात. जी८१ एकदा दिला की पुढच्या प्रत्येक ओळीत फक्त एक्स-वायचे आकडे पुरतात, जी८० येईपर्यंत. त्या जी८०चा विसर पडला तर पुढची साधी हालचालसुद्धा भोक पाडून जाते. मोडल असण्याचा फायदा आणि धोका एकाच ठिकाणी बघायचा असेल तर इथे बघावा.

कटर कॉम्पेन्सेशनची गरज वेगळी होती. कटर धार लावून लहान झाला तर मध्यरेषेचा सगळा मार्ग बदलतो, आणि अख्खी पट्टी पुन्हा काढणं परवडणारं नव्हतं. मग प्रोग्रॅम ठेवायचा जॉबच्या रेषेवर आणि कटरची त्रिज्या द्यायची कंट्रोलरला. जी४१ने कटर पुढे जाण्याच्या दिशेच्या डावीकडे सरकतो, जी४२ने उजवीकडे, आणि जी४०ने सरकवणं बंद होतं.

आता त्या टिंबाबद्दल. सुरुवातीच्या पद्धतीत दशांश चिन्ह पंच करतच नसत. आकड्यात किती स्थानं हे आधीच ठरलेलं असायचं आणि पुढची किंवा मागची शून्यं गाळून पट्टी वाचवली जायची. त्या सवयीतून असा नियम उरला की टिंब नसलेला आकडा म्हणजे सगळ्यात लहान एककांची संख्या. मिलिमीटरमध्ये ते एकक ०.००१ असेल, तर एक्स५० म्हणजे ०.०५ मिलिमीटर, आणि टिंबासह एक्स५०. म्हणजे पूर्ण ५० मिलिमीटर. काही कंट्रोलर आज टिंबाशिवायही ५० मिलिमीटरच धरतात, काहींवर हे पॅरामीटरने, म्हणजे मशीनच्या सेटिंगने, ठरतं. त्यामुळे दुसऱ्या मशीनवरून आलेला प्रोग्रॅम आधी सिंगल ब्लॉकवर, म्हणजे एका वेळी एकच ओळ, टूल जॉबपासून दूर ठेवून चालवावा. हा उपदेश सगळेच करतात. त्यामागचं कारण मात्र हे आहे.

सगळ्या कंपन्यांनी एकच लिपी वापरावी म्हणून अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने, म्हणजे ईआयएने, मानकं काढली. आरएस-२४४मध्ये अक्षरांसाठी भोकांची रचना ठरली. त्यात प्रत्येक रांगेतल्या भोकांची संख्या विषम असायची. नंतर आलेल्या आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या कोडमध्ये ती सम असायची. एखादं भोक नीट पडलं नाही की मोजणी चुकायची आणि रीडर थांबायचा. ब्लॉकची रचना आली आरएस-२७४मध्ये. तिची शेवटची, डी आवृत्ती १९८०मध्ये मंजूर झाली. आंतरराष्ट्रीय पातळीवर आयएसओ ६९८३ आलं १९८२मध्ये, आणि जर्मनीत डीआयएन ६६०२५ होतंच.

पण मानकाने बरेच क्रमांक मोकळे सोडले होते. कंट्रोलर बनवणाऱ्यांनी ते आपापल्या परीने भरले, कधी नेमून दिलेलेही बदलले. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण जी७०. मूळ मानकात तो इंच मापासाठी आणि जी७१ मेट्रिकसाठी. कंट्रोलर बनवणाऱ्या फॅनुक या जपानी कंपनीने मापांसाठी जी२० आणि जी२१ घेतले, आणि त्यांच्या लेथवर (जॉब फिरवून कापणाऱ्या यंत्रावर) जी७० झाली फिनिशिंगची सायकल, जी७१ रफ टर्निंगची. जी९०चं तेच. मिलिंगवर तो निरपेक्ष मापं, म्हणजे ठरलेल्या शून्यबिंदूपासूनची मापं, सांगतो, तर फॅनुक लेथच्या ए नावाच्या कोड-पद्धतीत तीच अक्षरं टर्निंगची सायकल सुरू करतात. म्हणून मिलिंगवर मुरलेल्या माणसानेही लेथवर आल्यावर मॅन्युअल उघडलं पाहिजे. फॅनुकचा ठसा एवढा खोल का, तर त्यांचा अनुभवच जुना. सेइउएमोन इनाबा यांच्या गटाने १९५६मध्ये फुजित्सूत संख्यात्मक नियंत्रण उभं केलं आणि १९७२मध्ये त्याची वेगळी कंपनी झाली.

त्याच १९७०च्या दशकात मायक्रोप्रोसेसर आले, प्रोग्रॅम कंट्रोलरच्या स्मृतीत राहू लागला आणि मशीनवरच दुरुस्त करता येऊ लागला. पट्टी हळूहळू गेली, तिच्या खुणा राहिल्या. % हे चिन्ह म्हणजे पट्टी गुंडाळताना कुठे थांबायचं त्याची खूण होती. एम३०चा मूळ अर्थ प्रोग्रॅम संपवा आणि पट्टी मागे गुंडाळा. फॅनुकच्या पडद्यावर प्रोग्रॅम बाहेर पाठवायच्या कळीवर आजही ‘पंच’ लिहिलेलं असतं.

या सगळ्याला समांतर दुसरा प्रवाहही वाहत होता. हाताने आकडे काढणं फार किचकट, म्हणून एमआयटीत डग्लस रॉस यांच्या नेतृत्वाखाली एपीटी ही भाषा तयार झाली. तिच्यात बिंदू, रेषा, वर्तुळं सांगायची आणि टूल कुठून न्यायचं ते सांगायचं. आकडे संगणक काढणार. १९५९मध्ये ती जाहीर झाली तेव्हा तिच्या मदतीने बनवलेला ॲल्युमिनियमचा ॲशट्रे दाखवला होता. नकाशावरून टूलचा मार्ग काढणारी आजची कॅम सॉफ्टवेअर याच वाटेने आली. शेवटी पोस्ट-प्रोसेसर त्यांचा मार्ग ज्या त्या मशीनच्या जी-कोडमध्ये उतरवतो.

हालचालींऐवजी ‘इथे इतक्या खोलीचा खिसा’ असं सांगणारं स्टेप-एनसीही पुढे मानक झालं, आयएसओ १४६४९. विचार चांगला आहे, पण शॉपफ्लोअरवर जी-कोड हलला नाही. उलट तो नव्या ठिकाणी पोचला. सर्किट बोर्डाच्या नकाशांसाठी वापरतात तो गर्बर फॉरमॅट आरएस-२७४-डीमधूनच निघाला. थ्रीडी प्रिंटरनी प्लास्टिक ढकलण्यासाठी ई हे अक्षर आणि नोझल तापवण्यासाठी एम१०४ जोडून घेतला. २००९पासून हौशी लोक आर्डुइनो या छोट्या सर्किट बोर्डवर जीआरबीएल हा कंट्रोलर प्रोग्रॅम चालवतात. त्या बोर्डवरच्या चिपमध्ये रॅम असते फक्त २ किलोबाइट, म्हणून शेजारचा संगणक तिला ओळीमागून ओळ पुरवत राहतो आणि ती वाचेल तसं मशीन चालवते.