कोळंबी-खेकड्याची कवचे आणि एन्झाइम : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

कोळंबी सोलली की डोके आणि साल मिळून जवळपास निम्मे वजन कचऱ्यात जाते. त्या कचऱ्यात कामाचे तीन घटक असतात: प्रथिने, कॅल्शियम कार्बोनेट (चुनखडीतला घटक; पुढे त्याला सोयीसाठी ‘चुना’ म्हटले आहे), आणि कायटिन म्हणजे कवचाला बळकटी देणारा, लांब साखळ्यांचा पदार्थ. खेकड्यात चुना जास्त, कोळंबीत प्रथिने जास्त.

हे घटक सुटे करण्याची रूढ पद्धत म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल आणि गरम कॉस्टिक सोडा. काम झटपट होते, पण प्रथिने वाया जातात, कायटिनच्या लांब साखळ्या तुटतात आणि सांडपाणी निस्तरत बसावे लागते.

आम्ही प्रथिने काढायला प्रोटिएज, म्हणजे प्रथिने तोडणारे एन्झाइम वापरतो. भरडलेली कवचे ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात, सामू (pH) ८ च्या आसपास राखून, काही तास ढवळत ठेवतो. एन्झाइम प्रथिनांचे तुकडे करते, कायटिन मात्र तसेच राहते. प्रथिने तुटू लागली की सामू खाली येतो, म्हणून तो राखायला माणूस टाकीपाशी लागतोच. शेवटी पाणी ९० अंशांपर्यंत तापवले की एन्झाइम निकामी होते. गाळून निघालेल्या पाण्यात पेप्टाइडे (प्रथिनांचे छोटे तुकडे) आणि अमिनो आम्ले असतात. ते मत्स्यखाद्याला आणि पिकांना चालते, म्हणून आम्ही तेही विकतो.

मात्र ‘सगळे एन्झाइमनेच केले’ असे कुणी सांगितले, तर चुना कसा काढला हे जरूर विचारा. प्रोटिएज चुना काढत नाही, त्याला आम्लच लागते. आम्ही सौम्य लॅक्टिक आम्ल वापरतो. कायटिनपासून कायटोसान (कायटिनचे सौम्य आम्लात विरघळणारे रूप) करणारे एन्झाइमही आहे, पण कायटिनची स्फटिकी वीण इतकी घट्ट असते की ते आत नीट शिरत नाही. त्यामुळे आमचे कायटोसान आजही तीव्र कॉस्टिकमध्येच तयार होते.

एन्झाइमने काढलेल्या कायटिनमध्ये थोडी प्रथिने उरतात. पाणी निवळायला किंवा शेतीला त्याची अडचण नाही. जखमेच्या पट्टीसाठी हा माल घेऊ नका. कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असलेल्यांनी आमची भुकटी हाताळू नये.

‘कायटोसान विरघळतच नाही’ ही तक्रार वारंवार येते. साध्या पाण्यात ते विरघळणार नाही. १ टक्का ॲसेटिक आम्लाच्या पाण्यात, ढवळत ढवळत, चिमूट चिमूट टाका आणि रात्रभर राहू द्या. एकदम ओतल्यास गुठळ्या होतात आणि त्या फोडण्यात अख्खा दिवस जातो.